पाळणा हलण्याआधीचे कायदे

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात मूल नाही, तर पुढे काय सुरू होते ते सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगमध्ये कुणाला सांगावे लागत नाही. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणे होते, सोलापूरच्या सिद्धेश्वराला नवस बोलला जातो, आणि दवाखान्याची पहिली फेरी सुनेच्या एकटीच्या नावाने होते. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी स्वस्त असते आणि एका दिवसात होते, तरीही ती सगळ्यांत शेवटी होते किंवा होतच नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे तरी असते किंवा बाईच्या कारणाच्या जोडीला तरी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावे लागते. तेव्हा ही गोष्ट दुर्मीळ नाही. फक्त ती चारचौघांत बोलली जात नाही.

जानेवारी २०२२ पासून या वाटेवर कायदाही भेटतो. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एक साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा, ज्याला दवाखान्यात सगळे एआरटी कायदा म्हणतात, आणि दुसरा सरोगसीचा, म्हणजे जोडप्यासाठी दुसऱ्या बाईने गर्भ वाढवण्याचा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर ते वंध्यत्व, ही व्याख्या आता कायद्यात आहे. उपचार घेणाऱ्या बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे, हेही कायद्यात आहे. त्याआधी यांपैकी काहीच कायद्याने बांधलेले नव्हते. हे बदल दवाखान्यात नेमके काय करतात, आणि सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या गावातल्या जोडप्यापर्यंत ते कसे पोहोचतात, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण वृत्तपत्रांत बातमी येते ती न्यायालयाची किंवा एखाद्या नटनटीच्या सरोगसीची. सामान्य माणसाचा संबंध येतो तो अर्जाशी, शुल्काशी आणि वाट पाहण्याशी.

आधी थोडे मागे जाऊ. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एका मुलीचा जन्म झाला. पुढे कित्येक वर्षे ती भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ओळखली गेली. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार या कामात त्यांच्या बरोबर होते. खरे तर त्याच्या आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले होते. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही, परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या नोंदी वाचून पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे असे १९९७ साली जाहीरपणे सांगितले ते आनंदकुमारांनी, म्हणजे ज्यांच्या नावावर तो मान जमा होता त्यांनीच. भारतीय विज्ञानाच्या इतिहासातला एवढा मोठा मनाचा प्रसंग शाळेच्या पुस्तकात असायला हवा, असे मला फार वाटते.

केईएम हे महापालिकेचे रुग्णालय आहे, हे इथे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात हे तंत्र जन्मले ते सार्वजनिक रुग्णालयात, सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने. त्यानंतर मात्र ते हळूहळू खासगी दवाखान्यांकडे गेले आणि तिथेच वाढले. पस्तीस वर्षे त्यावर कायदा नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. एका बाईच्या अंडाशयातून किती बीजे काढायची, तिला किती वेळा बोलवायचे, एका पुरुषाचे वीर्य किती घरांत द्यायचे, हे दवाखानाच ठरवत असे.

त्या मोकळ्या काळात गुजरातमधले आणंद जगाच्या नकाशावर आले. परदेशी जोडपी येत, गरीब बाई पैसे घेऊन गर्भ वाढवी, बाळ घेऊन जोडपे निघून जाई. २००८ साली एका जपानी जोडप्याचे बाळ जन्माला यायच्या आत त्यांचा घटस्फोट झाला. जिने गर्भ वाढवला तिचे ते नव्हते, जिने मागवले तिला ते नको होते, आणि बाळाला पारपत्र कोणत्या देशाचे द्यायचे ते कुणाला ठाऊक नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, शेवटी आजी त्या मुलीला घेऊन गेली. मराठी प्रेक्षकांना हा प्रश्न समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटातून कळला. पोरे स्वतः वकील आहेत. परदेशी बाई बाळ नाकारून निघून जाते आणि गर्भ वाढवणारी गावातली बाई ते पोर सांभाळते, ही त्यातली कथा. २०१५च्या नोव्हेंबरात परदेशी जोडप्यांना भारतात सरोगसी बंद झाली, आणि २०२१च्या कायद्याने पैशांच्या मोबदल्यातली सरोगसी सगळ्यांनाच बंद झाली.

आता दवाखान्यात जाऊ. कायद्याने दवाखान्यांचे दोन स्तर केले. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय, म्हणजे वीर्य स्वच्छ करून नळीने गर्भाशयात सोडणे. दुसऱ्या स्तरावर आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन घडवणे आणि त्यापुढचे सगळे. नोंदणी पाच वर्षांची. पहिल्या स्तराचे शुल्क पन्नास हजार रुपये, दुसऱ्याचे दोन लाख. दुसऱ्या स्तराला स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर पुरुषांच्या वंध्यत्वाचा तज्ज्ञ, भ्रूणतज्ज्ञ, समुपदेशक, भूलतज्ज्ञ एवढी माणसे लागतात. मोठ्या शहरातल्या साखळी दवाखान्यांना हे जड नाही. तालुक्याच्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना मात्र, ज्या आधी महिन्याकाठी चार-दोन आययूआय करीत, विचार करावा लागतो. काही नोंदणी करतात, काही ते काम सोडून देतात. सोडून दिले की पेशंट पुढच्या शहरात जातो. वळसंगच्या माणसासाठी ते शहर सोलापूर असते, आणि सोलापुरात भागले नाही तर पुणे.

तरीही नोंदणी हवीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्भाशयात नळी घालणाऱ्याच्या भिंतीवर परवान्याचा कागद नसावा, हे आपण इतकी वर्षे कसे चालवून घेतले?

या कायद्यातला सगळ्यांत मोठा बदल दात्यांच्या बाबतीत आहे. ज्या बाईची स्वतःची बीजे संपली आहेत किंवा निकामी आहेत, तिला दुसऱ्या बाईचे बीज घ्यावे लागते. ते देणारी बाई आता २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच द्यायचे, आणि तिच्या शरीरातून सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत. तिला वैद्यकीय खर्च आणि बारा महिन्यांचा विमा मिळतो, किंमत मिळत नाही. एका दात्याचे बीज किंवा वीर्य एकाच जोडप्याला द्यायचे. आणि दाता शोधणे, तपासणे, साठवणे हे काम दवाखान्याने न करता नोंदणी झालेल्या वेगळ्या बँकेने करायचे.

सात हा आकडा कळायला शरीरात काय होते ते माहीत हवे. एरवी महिन्याला एकच बीज पक्व होते. दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने दिली की एकाच वेळी अनेक पक्व होतात. शेवटचे इंजेक्शन दिल्यावर साधारण छत्तीस तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीकडे बघत सुईने ती काढून घेतात. इंजेक्शनांचा मारा जास्त झाला तर अंडाशय सुजतात, पोटात पाणी भरते, क्वचित जीवावर बेतते. पूर्वी पैसे बीजांच्या संख्येवर फिरत, म्हणून काही ठिकाणी मारा वाढे आणि बाई पुन्हा पुन्हा येई. तिच्या शरीराची नोंद कुठेच नसे. सातची मर्यादा आणि ‘एकदाच’ची अट त्या बाईसाठी आहे, आणि त्या बाईच्या बाजूने कायद्यात कुणीतरी बोलले याचे मला समाधान आहे.

आता दुसरी बाजू बघा. काढलेली सगळीच बीजे पक्व नसतात, पक्व असलेल्या सगळ्यांचे फलन होत नाही, आणि फलन झालेल्यांतली निम्मी तरी पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. सातातून हाती दोन-तीन चांगली भ्रूणे आली तर डॉक्टर खूश असतात. पूर्वी एका दात्रीची पंधरा बीजे दोन जोडप्यांत वाटली जात, खर्चही वाटला जाई. आता प्रत्येक जोडप्यासाठी नवी दात्री, तिच्या नव्या तपासण्या, तिचा नवा विमा. खर्च वाढणारच. पहिल्या खेपेला यश आले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. कायद्याने दात्रीचे रक्षण केले आणि त्याचे बिल घेणाऱ्या जोडप्याच्या हाती ठेवले. रक्षण मागे घ्यावे असे मी म्हणत नाही. बिल कुणी भरायचे, यावर मात्र कायदा गप्प आहे.

प्रयोगशाळेतल्या कामात कायदा किती खोल शिरू शकतो याचे मोठे उदाहरण इटलीचे आहे. २००४ साली तिथे नियम झाला की एका वेळी तीनच भ्रूणे तयार करायची आणि तिन्ही एकदमच गर्भाशयात सोडायची. गोठवायची नाहीत. हेतू भ्रूणांचा सन्मान हा होता. तरुण बाईला त्यामुळे तिळ्यांचा धोका आला, वय झालेल्या बाईला तीन अपुरी पडू लागली, आणि ज्यांना परवडत होते ती जोडपी शेजारच्या देशांत गेली. २००९ साली तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. मधल्या पाच वर्षांत ज्यांचे वय निघून गेले त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे असे मधल्या काळात अडकणे सरोगसीत घडले. सरोगसीच्या कायद्याने जोडपे विवाहित हवे, बाई २३ ते ५० आणि पुरुष २६ ते ५५ वयाचा हवा, सहसा हयात मूल नसावे. गर्भ वाढवणारी बाई स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी. तिनेही आयुष्यात एकदाच हे करायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि तिचा छत्तीस महिन्यांचा विमा जोडप्याने काढायचा. त्याआधी जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून गरज असल्याचा दाखला आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आदेश मिळवायचा. एकटीला हे करायचे असेल तर ती विधवा किंवा घटस्फोटित हवी, ३५ ते ४५ वयाची. जिचे लग्नच झालेले नाही तिला सरोगसी नाही, पण एआरटी कायद्याखाली दात्याचे वीर्य घेऊन ती स्वतः आई होऊ शकते. एकाच महिन्यात संमत झालेल्या दोन कायद्यांनी एकाच बाईला दोन वेगळी उत्तरे दिली, याचे समाधानकारक कारण मला कुठे सापडले नाही.

१४ मार्च २०२३ रोजी सरकारने सरोगसीच्या नियमांतला एक फॉर्म बदलला. एवढ्यावरून आता बीज आणि वीर्य दोन्ही त्या जोडप्याचेच हवे, दात्याचे चालणार नाही, असे झाले. काही मुली जन्मतः गर्भाशयाशिवाय येतात, आणि त्यांतल्या काहींची बीजेही वापरता येत नाहीत. सरोगसीची खरी गरज अशांनाच. नेमके त्यांच्यासाठी दार बंद झाले, तेही ज्यांचा उपचार अर्ध्यावर होता त्यांच्यासाठीसुद्धा. एक बाई सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यापुरती त्या बदलाला स्थगिती मिळाली, आणि मग इतरही याचिका घेऊन गेल्या. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम पुन्हा बदलला. जिल्हा मंडळाने वैद्यकीय कारण मान्य केले तर एक बाजू दात्याची चालेल, दुसरी जोडप्याची हवी. अकरा महिने. चाळिशीकडे झुकलेल्या बाईच्या अंडाशयासाठी अकरा महिने हा फार मोठा काळ आहे. दिल्लीला याचिका करण्याची ऐपत असलेल्यांनी तो वाचवला.

वयाच्या अटीचेही असेच झाले. कायदा येण्याआधी ज्यांनी भ्रूणे गोठवून ठेवली होती आणि सरोगसीची तयारी सुरू केली होती, ती काही जोडपी मधल्या काळात मर्यादेपलीकडे गेली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल दिला की अशा जोडप्यांना नवी वयोमर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूणाचे वय थांबते, आईबापांचे थांबत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हा एक मुद्दा कलम म्हणून आधीच घातला असता तर न्यायालयाची वेळ आली नसती.

मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण तर आपल्या घरोघरच्या प्रथेला थेट भिडते. आपल्याकडे बीज हवे असेल तर पहिल्यांदा आठवते ती बहीण. या प्रकरणात धाकट्या बहिणीने बीज दिले, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायकोत फाटले, नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला आणि बहीणही त्याच घरात राहू लागली. बीज तिचे म्हणून आई तीच, असा दावा नवऱ्याने केला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्या. मिलिंद जाधव यांनी तो फेटाळला. बीज देणारीला आईपणाचा कायदेशीर हक्क नाही, मुली त्या बाईच्याच, असे सांगून त्यांनी तिला शनिवार-रविवारी मुलींना भेटण्याची मुभा दिली. हा करार २०१८चा, म्हणून आधार २००५च्या मार्गदर्शक सूचनांचा घ्यावा लागला. आज तसे झाले तर थेट कायदाच सांगतो की मूल जोडप्याचे, दात्याचा हक्क संपला. शिवाय दाता आता बँकेतून आणि अनामिक येणार, त्यामुळे बहिणीचे बीज घेण्याची वाटच अरुंद झाली. घराघरांतली गुंतागुंत टळेल. पण परक्या बाईपेक्षा बहीण बरी, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांचे काय, याचेही उत्तर द्यावे लागेल.

मुलगा-मुलगी निवडण्यावरच्या बंदीबद्दल महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारे आपले पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. तरी राज्यातल्या शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या आणि २०११ साली ८९४ झाल्या. भ्रूण प्रयोगशाळेत असतानाच त्याचे लिंग कळू शकते, म्हणून एआरटी कायद्यात यासाठी पाच ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. या कलमात एका शब्दाचीही सूट असू नये.

आता पैशाचे. आयव्हीएफची एक खेप खासगी दवाखान्यात दीड-दोन लाखांच्या घरात जाते, आणि एका खेपेत बाळ होण्याची खात्री नसते. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार येत नाहीत. वळसंगच्या आसपास यंत्रमागावर काम करणारी, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणारी, कोरडवाहू तूर-ज्वारी करणारी माणसे एवढी रक्कम जमिनीवर किंवा सोन्यावर काढतात. म्हणजे राज्यसंस्था केईएममधून बाहेर पडली आणि पस्तीस वर्षांनी परत आली ती तपासनीस म्हणून. उपचार देणारी म्हणून ती अजून फारशी परतलेली नाही. गोव्याने मात्र २०२३ साली बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये लगेच तेवढे जमणार नाही, हे मान्य. पण पहिल्या स्तराचा दवाखाना, म्हणजे वीर्यतपासणी, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणे, क्षयरोगाने त्या बंद झाल्या असतील तर वेळीच ओळखणे आणि आययूआय, एवढे जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातले आहे. कित्येक जोडप्यांना पुढच्या पायरीची गरजच पडणार नाही.

संमतीपत्राचा मुद्दाही पैशाइतकाच गंभीर आहे. सरोगसीच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की गर्भ वाढवणाऱ्या बाईची लेखी संमती तिला कळणाऱ्या भाषेत घ्यावी. आपल्या भागात घरात कन्नड, बाजारात मराठी आणि फॉर्मवर इंग्रजी अशी स्थिती असते. आयव्हीएफच्या पेशंटलाही तो हक्क तितकाच हवा, कारण त्या कागदावर फार मोठ्या गोष्टी ठरतात. भ्रूणे किती वर्षे ठेवायची (कायद्याने दहा), नवराबायकोपैकी एक गेला तर त्यांचे काय करायचे, हे तिथेच लिहिलेले असते. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक आई आली. तिच्या अविवाहित मुलाने कर्करोगाच्या उपचारांआधी वीर्य गोठवले होते आणि मृत्यूनंतर ते नष्ट करावे असे फॉर्मवर नोंदवले होते. सुनावणी पूर्ण होईपर्यंत नमुना जपून ठेवा, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. एका फॉर्मवरच्या एका खुणेवर एका आईची सगळी आशा अडकली होती. तेव्हा सही करण्याआधी तो कागद आपल्या भाषेत वाचून मागावा, प्रत घ्यावी, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक आणि स्तर विचारावा. हे विचारल्याने जो डॉक्टर रागावतो त्याच्याकडे जाऊ नये.

दात्याचे बीज घेताना जोडपी जात विचारतात, हे या क्षेत्रातले लोक सांगतात. वळसंगमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हात लागलेली १९३७ची विहीर आहे. पाण्याला जात नसते हे सांगायला त्यांना इथवर यावे लागले. बीजालाही ती नसते. दात्याची ओळख गुप्त ठेवण्याचा नियम निदान हा प्रश्न बँकेच्या खिडकीवर थांबवू शकतो.

पण त्या गुप्ततेत आणखी एक माणूस आहे, जो सही करताना हजर नसतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासून दात्याची अनामिकता संपली. तिथले असे मूल अठरा वर्षांचे झाले की दात्याचे नाव मागू शकते. फ्रान्सने २०२१च्या कायद्याने तोच मार्ग धरला. आपल्याकडे दवाखान्याने नोंदी दहा वर्षे जपायच्या आणि मग राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवायच्या. जोडप्याने वैद्यकीय निकडीत मागितले किंवा न्यायालयाने आदेश दिला, तरच ती माहिती बाहेर येते. म्हणजे २०२३ साली जन्मलेले आपले एखादे मूल २०४१ साली मोठे होऊन विचारू लागले, तर त्याच्या जन्माची नोंद दिल्लीत असेल आणि ती मागण्याचा हक्क त्याला नसेल. त्याला वकील लावून न्यायालयात जावे लागेल. अठरा वर्षांच्या आत हे कलम बदलायला संसदेला भरपूर वेळ आहे, आणि ते मूल अजून लहान आहे.